पोटासाठी खेळलेला पहिला माणूस? लिपमन पाइक आणि बेसबॉलमधील पगाराचा प्रश्न

उत्तरवाट (धागाकर्ता)

१६ जुलै १८६६ रोजी फिलाडेल्फियात ॲथलेटिक्स आणि अलर्ट या दोन संघांमध्ये बेसबॉलचा सामना झाला. ॲथलेटिक्सने तो ६७ विरुद्ध २५ धावांनी जिंकला. त्या सामन्यात लिपमन पाइक या एकवीस वर्षांच्या डावखुऱ्या खेळाडूने सहा होम रन (एकाच फटक्यावर चारही बेस, म्हणजे मैदानावरचे चार ठरलेले थांबे, धावून पूर्ण करणे) काढले, त्यांपैकी पाच लागोपाठ. त्याच वर्षी खेळाच्या नियामक संघटनेने त्याला चौकशीसाठी बोलावले. आठवड्याला २० डॉलर घेऊन खेळतो, हा त्याच्यावरचा आरोप होता.

पाइकचे आयुष्य मी गेली काही वर्षे जमेल तसे वाचत आहे. त्याच्या नावापुढे 'पहिला ज्यू व्यावसायिक खेळाडू' अशी ओळख लावली जाते आणि बहुतेक वेळा माहिती तेथेच संपते. मला त्यातला 'व्यावसायिक' हा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण पगार घेऊन खेळणे हा गुन्हा होता त्या काळात पाइक खेळू लागला आणि तो सर्वमान्य रोजगार झाला त्या काळातही तो खेळतच होता. हा बदल त्याच्या एका कारकिर्दीत पाहता येतो, म्हणून हा धागा.

लिपमन इमॅन्युएल पाइक याचा जन्म २५ मे १८४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. कुटुंब हॉलंडमधून आलेल्या ज्यूंचे होते. वडिलांचे पुरुषांच्या पोशाखातील किरकोळ सामानाचे दुकान होते आणि लिपमन लहान असतानाच हे कुटुंब ब्रुकलिनला राहायला गेले. त्या काळी ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होते आणि बेसबॉलचे माहेरघरही. गल्लीगल्लीत क्लब होते आणि त्यांत दुकानदार, कारकून, गोदीकामगार अशी सर्व थरांतील माणसे खेळत असत. लिपमनचा थोरला भाऊ बोअझ हाही खेळाडू होता. १८५८ साली, बार मित्झ्वा (ज्यू मुलाचा तेराव्या वर्षी होणारा धार्मिक विधी) होऊन जेमतेम आठवडा झाला असताना, तेरा वर्षांच्या लिपमनचे नाव बोअझच्या नावासोबत एका सामन्याच्या धावफलकात छापून आले.

पुढे १८६६ मध्ये तो ॲथलेटिक्सकडे आला आणि ती चौकशी उभी राहिली. त्या काळच्या नियामक संघटनेने खेळाडूला मोबदला देण्यास बंदी घातली होती. बेसबॉल ही सभ्य गृहस्थांची फावल्या वेळची करमणूक असावी, ही त्यामागची धारणा. व्यवहार मात्र वेगळा होता. मैदानाभोवती कुंपण घालून प्रेक्षकांकडून प्रवेशमूल्य घेणे सुरू झाले होते, सामन्यांवर पैजा लागत होत्या आणि प्रत्येक मोठ्या क्लबला जिंकणे भाग होते. न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स क्लबची सूत्रे नगरपालिकेचे राजकारण हाती असलेल्या विल्यम ट्वीडकडे होती आणि त्याच्या खेळाडूंना पालिकेच्या पगारपत्रकावर नावापुरती कामे दिली जात. इतरत्र कोणाला दुकानात नोकरी दाखवली जाई, तर कोणाला तिकीटविक्रीतला वाटा दिला जाई. म्हणजे पैसे सर्वत्र दिले जात होते; नियमाचा आग्रह होता तो ते उघडपणे न देण्याचा.

पाइक आणि त्याचे दोन सहकारी यांच्याविरुद्ध प्रकरण समितीपुढे आले, पण आरोप सिद्ध करायला कोणीच पुढे आले नाही आणि ते तसेच सोडून दिले गेले. मला ही घटना फार बोलकी वाटते. साक्ष द्यायला उभा राहणारा प्रत्येक जण एखाद्या क्लबचा असणार होता, आणि स्वतःच्या क्लबचे हिशेब उघडे करण्याची तयारी कोणाचीच नसावी. १८६९ च्या हंगामापासून संघटनेने व्यावसायिक खेळाडूंचा वेगळा वर्ग मान्य केला. तीन वर्षांपूर्वी ज्यासाठी पाइकला जाब विचारला गेला, त्याच गोष्टीला आता नियमपुस्तकात जागा मिळाली.

आपल्याकडे जुन्या मराठी लिखाणात 'धंदेवाईक खेळाडू' असा शब्दप्रयोग आढळतो आणि त्यात किंचित तुच्छता असते. १८६६ च्या फिलाडेल्फियात पाइककडे ज्या नजरेने पाहिले गेले, ती या शब्दात जशी उतरते तशी 'व्यावसायिक' या शब्दात उतरत नाही.

त्यापुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १८६७ मध्ये तो न्यू जर्सीतील अर्व्हिंग्टन क्लबकडे आणि तेथून म्युच्युअल्सकडे गेला, नंतर ब्रुकलिनच्या अटलांटिक्सकडे. १८७१ मध्ये व्यावसायिक संघांची पहिली स्वतंत्र साखळी सुरू झाली, तेव्हा तो ट्रॉयच्या संघात होता आणि काही सामने त्या संघाचा व्यवस्थापकही होता. पुढे बाल्टिमोर, हार्टफर्ड, सेंट लुइस, सिनसिनाटी, प्रॉव्हिडन्स आणि वूस्टर. १८७६ मध्ये नॅशनल लीगची स्थापना झाली, त्या पहिल्या हंगामातही तो होता. होम रनच्या यादीत तो १८७१, १८७२, १८७३ आणि १८७७ अशा चार वर्षी सर्वांत वर, किंवा बरोबरीने सर्वांत वर, राहिला.

जाणकारांनी भर घालावी आणि चुकले असेल तेथे दुरुस्ती करावी.

आसमंत

लेख मनापासून आवडला, परंतु शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच द्यावे लागेल असे मला वाटते. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबचा पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा) जिम क्रायटन हा १८६० च्या सुमारास गुपचूप पैसे घेत होता असे मानले जाते, आणि १८६२ मध्ये तर तो वारलाही. ॲल रीच हा एकफर्ड क्लब सोडून १८६५ मध्ये फिलाडेल्फियाला गेला तोही पगाराच्या बोलीवरच, असे सांगतात. हे दोघेही पाइकच्या आधीचे. 'पहिला' हा शब्द इतक्या सहजपणे वापरू नये, कारण एकदा तो वाचकाच्या मनात बसला की नंतरची दुरुस्ती कोणी वाचत नाही.

उत्तरवाट

आसमंत, आपला आक्षेप मान्य आहे आणि म्हणूनच शीर्षकात प्रश्नचिन्ह ठेवले आहे. जो व्यवहार लपवूनच केला जात होता त्यात पहिला कोण हे ठरवणार कसे? क्रायटनचे प्रकरण गृहीतकांवर उभे आहे आणि रीचबद्दलही कधी १८६४, कधी १८६५ असे वाचायला मिळते. पाइकचे वेगळेपण इतकेच की त्याच्या पगाराचा आकडा उघड झाला आणि त्याला संघटनेपुढे जावे लागले. ज्यू खेळाडूंपुरते बोलायचे तर व्यावसायिक साखळीतला पहिला नामांकित खेळाडू तो होता, याबद्दल मला शंका नाही.

डावखुरा

मी न्यू जर्सीत राहतो आणि मुलाच्या निमित्ताने गेली बारा वर्षे बेसबॉलच्या मैदानांवर उभा आहे, म्हणून खेळाच्या अंगाने दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे, पाइक डाव्या हाताने फेकणारा असून अनेक वर्षे सेकंड बेसवर खेळला. आज मोठ्या पातळीवर असे पाहायला मिळत नाही. सेकंड बेसवरचा खेळाडू चेंडू उचलतो तेव्हा पहिला बेस त्याच्या डाव्या बाजूला असतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा खांदा आपोआप लक्ष्याकडे वळलेला असतो. डावखुऱ्याला मात्र पूर्ण अंग फिरवून फेकावे लागते आणि त्या अर्ध्या क्षणात धावपटू सुखरूप पोहोचतो. त्यातही त्या काळी क्षेत्ररक्षक हातमोजे घालत नसत. चेंडू उघड्या तळहातांवर झेलावा लागे. हे सारे सांभाळून तो तेथे टिकला याचा अर्थ त्याचे पाय आणि हात विलक्षण चपळ असले पाहिजेत. कारकिर्दीच्या उत्तरार्धात तो प्रामुख्याने सेंटर फील्डला (मैदानाच्या मागच्या मधल्या भागात) खेळला आणि त्याच्या वेगाला तीच जागा साजेशी होती.

दुसरी गोष्ट होम रनची. क्रिकेटच्या सवयीने आपण होम रन म्हटले की चेंडू षटकारासारखा कुंपणापलीकडे गेला असे समजतो. पाइकच्या काळातील कित्येक मैदाने इतकी मोकळी होती की जोरात मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मागे दूरवर घरंगळत जाई आणि तो परत येईपर्यंत फलंदाजाला चारही बेस धावून पूर्ण करावे लागत. म्हणजे होम रन हा ताकदीइतकाच वेगाचाही हिशेब होता. १८७७ मध्ये पाइक नॅशनल लीगमध्ये पहिला आला तो फक्त ४ होम रन काढून. आजच्या वाचकाला हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये कोणालाही त्याहून अधिक काढता आले नव्हते.

पिचरही तेव्हा हात खांद्यावरून न आणता कमरेखालून चेंडू टाकत आणि अंतर केवळ ४५ फूट होते. ६७ विरुद्ध २५ ही धावसंख्या वाचताना हे लक्षात ठेवावे. तरीही सहा होम रन हा आकडा त्या काळच्या लोकांनाही आश्चर्याचा वाटला होता.

मध्यमपदलोपी

मूळ लेखात १८७० च्या सामन्याचा उल्लेख राहून गेला आहे. सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा सर्व खेळाडूंना उघडपणे पगार देणारा पहिला संघ, आणि १८६९ च्या संपूर्ण हंगामात तो एकही सामना हरला नव्हता. हा संघ बांधणारा हॅरी राइट इंग्लंडमधील शेफील्डचा. त्याचे वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात क्रिकेटचे पगारी व्यावसायिक होते आणि तो स्वतःही तेथे क्रिकेट खेळलेला. खेळासाठी पगार घेण्यात काही गैर आहे ही कल्पनाच त्याच्या घरात नसावी.

१४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या कॅपिटोलाइन मैदानावर या संघाची गाठ अटलांटिक्सशी पडली. नऊ डावांनंतर ५-५ अशी बरोबरी होती. अटलांटिक्स बरोबरीवर समाधान मानायला तयार होते, पण राइटने खेळ पुढे चालवण्याचा आग्रह धरला. अकराव्या डावात सिनसिनाटीने दोन धावा काढल्या आणि आता संपले असे वाटत असताना अटलांटिक्सने तीन धावा काढून सामना ८-७ असा जिंकला. अटलांटिक्सच्या सेकंड बेसवर पाइक होता. व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातील या गाजलेल्या सामन्यात तो खेळला होता, हे त्याच्या चरित्रात यायलाच हवे.

उत्तरवाट

मध्यमपदलोपी, हा सामना सुटायला नको होता. आपण इतका नेटका सांगितलात, आभारी आहे.

शोधयात्री

एक प्रश्न मनात आला. १८६६ च्या चौकशीत पाइकलाच पुढे ओढले गेले, तो ज्यू होता म्हणून तर नव्हे? आणि १८८१ मध्ये त्याच्यावर बंदी आली असे वाचल्याचे आठवते, त्यामागेही हेच कारण असेल का?

उत्तरवाट

शोधयात्री, हा प्रश्न मलाही बराच काळ पडला होता. १८६६ मध्ये त्याच्यासोबत आणखी दोघांची नावे होती, आणि तो ज्यू असल्याचा मुद्दा त्या चौकशीत आला होता असे माझ्या वाचनात कोठेही नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत ज्यूंविषयी पूर्वग्रह नव्हते असे कोणी म्हणणार नाही, परंतु तेवढ्यावरून या विशिष्ट घटनेचे कारण ठरवणे मला पटत नाही. उलट ट्रॉय, हार्टफर्ड आणि सिनसिनाटी अशा तीन संघांनी त्याच्याकडे व्यवस्थापकाची जबाबदारी सोपवली होती. त्या पदावर त्याला यश मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी. १८७७ मध्ये सिनसिनाटीने त्याच्या हाताखाली १४ सामने खेळून ११ गमावले. पण इतर खेळाडू त्याच्या हाताखाली खेळत होते.

१९३४ मध्ये योम किप्पुर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या पवित्र दिवशी हँक ग्रीनबर्ग हा ज्यू खेळाडू खेळला नाही, १९६५ मध्ये त्याच दिवशी सँडी कूफॅक्स या ज्यू पिचरने वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे वर्षाच्या अंतिम विजेतेपदाच्या मालिकेचा, पहिला सामना सोडला, आणि या दोन्ही वेळी ज्यू असणे हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. त्या प्रसंगांचा अर्थ पाइकच्या काळावर मागे नेऊन लादू नये असे मला वाटते. १८८१ च्या बंदीविषयी स्वतंत्रपणे लिहितो.

नवगावकिनारा

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील मराठीभाषक ज्यू, कुटुंबातील आहे, माझे बालपण ठाण्यात गेले. बार मित्झ्वाविषयी दोन वाक्ये, कारण येथील बहुतेक वाचकांना तो शब्द अपरिचित असेल. मुलाला तेरा वर्षे पूर्ण झाली की धर्माने सांगितलेल्या कर्तव्यांची जबाबदारी त्याची स्वतःची होते आणि सिनेगॉगमध्ये त्याला तोरा हा धर्मग्रंथ वाचण्यासाठी बोलावले जाते. प्रौढ पुरुषांच्या प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत त्यानंतर त्याची गणना होते. म्हणून धागाकर्त्यांनी सांगितलेला तो एक आठवडा मला विशेष वाटला. एका आठवड्यात तो प्रार्थनेच्या दहांमध्ये मोजला गेला आणि पुढच्या आठवड्यात मैदानावरच्या नऊ जणांमध्ये.

आमच्या पूर्वजांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते तेलाचे घाणे शनिवारी, म्हणजे शब्बाथ या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवत. त्यामुळे माझा साहजिक प्रश्न असा की पाइक शनिवारी खेळत असे का?

उत्तरवाट

नवगावकिनारा, आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला त्याच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध शर्यत सांगावी लागेल, आणि ती सांगण्याची संधी मिळाली याचा आनंद आहे.

पाइक बाल्टिमोरकडून खेळत असताना त्याच्या धावण्याची कीर्ती इतकी पसरली होती की त्याची शर्यत एका घोड्याशी लावण्यात आली. घोड्याचे नाव क्लॅरेन्स. तो दुडक्या चालीच्या शर्यतींतला नावाजलेला घोडा होता. अंतर १०० यार्ड, बक्षीस २५० डॉलर आणि स्थळ बाल्टिमोरचे न्यूइंग्टन पार्क. घोड्याला वेग धरायला वेळ लागतो म्हणून त्याला २५ यार्ड मागून पळत येऊ द्यायचे आणि तो रेषेवर पोहोचला की पाइकने सुटायचे, असे ठरले. तीन चतुर्थांश अंतर होईपर्यंत दोघे जवळजवळ बरोबरीने होते. तेथे क्लॅरेन्सने दुडकी चाल सोडली आणि तो चौखूर उधळला. दुडक्या चालीच्या शर्यतीत हा नियमभंगच, पण पाइकने तरीही वेग वाढवला आणि चार यार्डांनी शर्यत जिंकली. वेळ नोंदली गेली दहा सेकंद. ती कितपत अचूक मोजली असेल हा प्रश्न ज्याने त्याने सोडवावा. घोड्याच्या पुढे तो होता, एवढे हजारो डोळ्यांनी नव्हे तरी पैज लावणाऱ्यांच्या डोळ्यांनी नक्कीच नीट पाहिले असेल.

या शर्यतीची तारीख १६ ऑगस्ट १८७३. आपला प्रश्न वाचल्यावर मी दिनदर्शिकेचे गणित मांडून पाहिले. तो शनिवार होता. म्हणजे पाइक शब्बाथच्या दिवशी केवळ खेळला नाही, तर पैजेची शर्यत धावला. त्या काळी रविवारी सार्वजनिक खेळांना अनेक शहरांत मनाई होती आणि शनिवार हा सामन्यांचा मोठा दिवस होता. पोटासाठी खेळणाऱ्याला तो वगळून चालण्यासारखे नव्हते. त्यावरून त्याच्या श्रद्धेविषयी काही निष्कर्ष काढू नये. तो वारला तेव्हा त्याचे अंत्यविधी ज्यू पद्धतीने झाले आणि ब्रुकलिनमधील सेलम फील्ड्स या ज्यू दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.

आसमंत

१८८१ विषयी आपण लिहिणारच आहात, पण आधी एक बाजू मांडून ठेवतो. १८७७ मध्ये लुइव्हिलच्या चार खेळाडूंनी पैसे घेऊन सामने हरल्याचे उघडकीस आले आणि त्यांना कायमचे हद्दपार करण्यात आले. लीगची सारी विश्वासार्हता पणाला लागली होती. त्यानंतर काही वर्षांतच एखादा अनुभवी खेळाडू निर्णायक क्षणी लागोपाठ चुका करतो, तेव्हा संशय घेणाऱ्यांना पूर्णपणे दोष देता येणार नाही. शिवाय पाइक दर एक-दोन वर्षांनी संघ बदलणारा खेळाडू म्हणून ओळखला जात होता.

उत्तरवाट

आसमंत, ही पार्श्वभूमी सांगितलीत हे बरे झाले. तिच्याशिवाय पुढचे प्रकरण एकांगी वाटले असते.

३ सप्टेंबर १८८१. पाइक तेव्हा छत्तीस वर्षांचा होता आणि नॅशनल लीगपासून दूर, लहान साखळ्यांमध्ये काही हंगाम काढून नुकताच वूस्टरच्या संघात परतला होता. बॉस्टनविरुद्धच्या सामन्यात नवव्या डावात सेंटर फील्डला त्याच्या हातून तीन चुका झाल्या, बॉस्टनला दोन धावा मिळाल्या आणि वूस्टरची आघाडी गेली. सामना मुद्दाम हरवल्याचा आरोप लगेच झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस लीगने बेशिस्त आणि व्यसनाधीनता या कारणांसाठी खेळाडूंची एक काळी यादी जाहीर केली आणि तीत पाइकचेही नाव होते.

लुइव्हिलच्या प्रकरणात तारा (टेलिग्राम) सापडल्या होत्या, कबुलीजबाब झाले होते. पाइकच्या बाबतीत तसे काहीच पुढे आले नाही. वूस्टरकडून तो एकूण पाच सामने खेळला आणि त्याची फलंदाजीची सरासरी .१११ होती, एकूण कारकिर्दीत मात्र ती .३२२ आहे, म्हणजे दर हजार संधींमागे ३२२ यशस्वी फटके. मला या आकड्यांत थकलेले शरीर दिसते. आपल्याला संशय रास्त वाटतो, आणि त्या वेळच्या लीगला तो वाटला असेल हे मी मान्य करतो. पण यादीत नाव घालणे ही शिक्षा होती, आणि शिक्षेसाठी संशय पुरेसा नसतो. १८६६ मध्ये आरोप करणारे समितीपुढे आले नाहीत म्हणून तो सुटला. १८८१ मध्ये आरोप करणारेच निर्णय देणारे होते, कारण लीग ही क्लबमालकांची होती आणि खेळाडूची बाजू ऐकणारे पीठच नव्हते. पंधरा वर्षांत खेळाडूंचे पगार कायदेशीर झाले खरे, पण त्याबरोबर पगार देणाऱ्याची सत्ताही किती वाढली, हे या दोन प्रसंगांवरून दिसते. संघ बदलण्याविषयी म्हणाल तर, १८७९ पासून क्लब आपले निवडक खेळाडू पुढच्या हंगामासाठी राखून ठेवू लागले. त्याआधी करार संपल्यावर दुसरीकडे जाणे हे खेळाडूच्या हातातले एकमेव साधन होते आणि पाइकने ते वापरले.

शोधयात्री

आणि त्यानंतर काय झाले?

उत्तरवाट

त्याने वडिलांचाच व्यवसाय धरला आणि ब्रुकलिनमध्ये दुकान चालवले. म्हणतात की त्याचे दुकान हा जुन्या खेळाडूंचा आणि शौकिनांचा अड्डा झाला होता. १८८३ मध्ये त्याच्यावरची बंदी उठवण्यात आली. १८८७ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सकडून एक सामना खेळला. तो त्याचा शेवटचा. १० ऑक्टोबर १८९३ रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले, तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. ब्रुकलिनच्या वर्तमानपत्राने त्याच्या अंत्यविधीला जमलेल्या प्रतिष्ठित ज्यू मंडळींची, राजकारण्यांची आणि जुन्या खेळाडूंची नोंद घेतली.

१९३६ मध्ये हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधील सन्माननीयांच्या यादीसाठी जुन्या खेळाडूंचे पहिले मतदान झाले. त्यात पाइकला एक मत मिळाले.